तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

फोन वॉल्टरच्या भाचीचा होता, दूर कोक्विटलाम शहरातून. मामा कालपासून फोन उचलत नाहीये, जरा बघून याल का? दोन दिवसांचं वादळ ओसरून नुकतंच ऊन पडलं होतं. गुडघाभर बर्फ तुडवत मी समोरच्या घरी गेले, बेल वाजवली, मग माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. वॉल्टर खुर्चीतच होता. पायांवर पांघरूण, चष्मा हातात. झोपेतच गेला, असं डॉक्टर म्हणाले. कुठेही असता तरी हे झालंच असतं, असंही म्हणाले. माझी समजूत घालण्यासाठी कुणीतरी असं म्हणायलाच हवं होतं. पण त्याच्या दाराशी जे ठेवलेलं मी पाहिलं, ते डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं...

वॉल्टर माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पण इथे सगळेच एकमेकांना नावानं हाक मारतात, म्हणून हे अरे-तुरे. रेजिना शहरापासून दीड तासावरच्या या गावात तो जन्मला, इथेच शिकला, इथेच म्हातारा झाला. निवृत्तीपर्यंत तो डेप्युटी शेरीफ होता. शेरीफ म्हटलं की लोकांना पिस्तूल आणि घोडा आठवतो. वॉल्टरचं काम आपल्याकडच्या बेलीफासारखं होतं. कोर्टाचे कागद घरोघर पोचवायचे, जप्ती आणायची, कधी एखाद्याचं घर रिकामं करून घ्यायचं. शहरात हे काम परक्यांच्या दारात होतं. इथे दार उघडणारा प्रत्येक जण त्याच्या ओळखीचा.

आमची ओळखही अशाच एका कागदामुळे झाली. आम्ही घर घेऊन महिनाही झाला नव्हता. हे कामावर गेलेले, केतकी पाळण्यात. बाहेर उणे तीस. बेल वाजली म्हणून पाहिलं, तर दारात गणवेशातला उंच माणूस! त्याच्या हातातला कागद आधीच्या घरमालकाच्या नावाचा होता. तो माणूस घर विकून गेल्याचं मी सांगितलं आणि म्हटलं, आत या, चहा घ्या. "नो, मॅम. थँक यू." मी म्हटलं, अहो, थंडी किती आहे! "नो, रिअली." मी नागपूरची. आमच्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो, ती नुसती रीत असते. खरं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर येतं. मी तिसऱ्यांदा विचारलं. तो घुटमळला, बूट काढले आणि दाराजवळच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. चहा संपवला. जाताना एवढंच म्हणाला, की या गणवेशात मला कुणी आत बोलावत नाही, आणि दुसऱ्यांदा तर कुणीच विचारत नाही.

मग त्याला आमच्या आग्रहाचं शास्त्र कळलं आणि त्यानं त्याचा खेळच केला. मी पोहे पुढे केले की "नो, नो," म्हणून एक बोट वर करायचा, "दॅट्स वन." दुसऱ्या नकाराला दुसरं बोट. तिसऱ्यांदा विचारलं की मोठा उसासा टाकून, "वेल, इफ यू इन्सिस्ट!" आणि बशी रिकामी. हे गेले तेव्हा मात्र त्यानं बोटं मोजली नाहीत. तीन हिवाळे माझ्या ड्राइव्हवेवरचा बर्फ न विचारता शोव्हल केला, आणि मी नको म्हटलेलं एकदाही ऐकलं नाही.

एकदाच तो मनातलं बोलला. शाळेत एका बाकावर बसलेल्या मित्राला घर रिकामं करायचा कागद त्याला द्यावा लागला होता. काही दिवसांनी तो गणवेश उतरवून मित्राला भेटायला गेला. मित्र म्हणाला, जा. हा परत फिरला. पुढची कितीतरी वर्षं दोघं एकाच दुकानात ग्रोसरी घेत होते, पण कधी बोलले नाहीत. "आय शुड हॅव गॉन बॅक," वॉल्टर म्हणाला. "कामावर शिकलो होतो ना, समोरचा नाही म्हणाला की दारातून मागे फिरायचं. तेच घरी घेऊन आलो."

आता माझी गोष्ट. गेल्या दिवाळीत केतकीच्या मैत्रिणीच्या पानात मी आग्रहानं तिसरी पुरणपोळी वाढली. ती बिचारी नको नको म्हणत होती. गाडीत केतकीनं मला फैलावर घेतलं. "आई, स्टॉप फोर्सिंग पीपल. इट्स नॉट क्यूट. नो म्हणजे नो." मला लागलं. पण पोरीचं खरंच आहे, असंही वाटलं. या वयात का होईना, सुधारायचं ठरवलं.

वादळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी वॉल्टरच्या दारात गेले. डिसेंबरपासून तो थकला होता, जिना चढताना थांबायचा. म्हटलं, उद्यापासून रस्ते बंद होणार आहेत, दोन दिवस माझ्याकडे राहायला ये, खालची खोली रिकामीच आहे. "नो, नो. आय अ‍ॅम फाइन हिअर," तो म्हणाला. आणि दार न लावता तसाच उभा राहिला. बोट वर केलं नाही, हसला नाही, नुसता चौकटीला धरून उभा. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण कानात केतकी होती. मी म्हटलं, "ओके वॉल्टर, काही लागलं तर फोन कर." "यू बेट," तो म्हणाला. घरी येताना शहाण्यासारखं वागल्याचा मला चक्क अभिमान वाटला. जळो तो शहाणपणा!

दाराशी होती ती त्याची जुनी कापडी बॅग. भरलेली. त्यात दोन दिवसांचे कपडे, गोळ्यांचा डबा, दाढीचं सामान आणि सगळ्यांत वर माझा स्टीलचा डबा, घासून पुसून. तो निघायच्या तयारीत होता. मी पुढचं विचारलंच नाही.

भाचीनं मला तो डबा परत दिला. मी तो फडताळात ठेवलेला नाही, माझ्या दाराजवळच्या त्याच्या खुर्चीवर आहे. अंत्यविधीला आलेली केतकी आठवडाभर राहिली. ही बॅगेची गोष्ट मी तिला सांगितली नाही. तिचा काय दोष? निघताना तिनं विचारलं, "आई, अजून दोन दिवस राहू का?" मी म्हटलं, "नको गं, तुझं ऑफिस आहे. मी ठीक आहे." "शुअर?" "हो." तिनं मला मिठी मारली, बॅग उचलली आणि गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी चौकटीला धरून दारात उभी होते.