गाव कुठलं?

माझ्या हातातली पळी काढून घेतली. भर पंगतीत. साठ-सत्तर माणसं बसलेली, आणि मी वरण वाढत अर्ध्या रांगेपर्यंत पोचलो होतो.

कतारमधल्या मेसईदच्या कंपनी कॉलनीतला हॉल. शुक्रवार, गणपतीच्या महाप्रसादाचं जेवण. मी कंपनीच्या स्टील यार्डातला टाइमकीपर, म्हणजे हजेरी लिहिणारा, राहायला कामगारांच्या कॅम्पात, एका खोलीत चौघं. कॉलनीत माझं काय काम? पण आमचे साहेब, प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे. त्यांनी माझं 'कर' लागलेलं आडनाव वाचलं आणि परस्पर ठरवून टाकलं की मी त्यांच्यातला. तीन आठवडे केबिनमध्ये बोलावून चहा पाजत होते. घरचा चिवडा देत होते. गणपतीला ये म्हणाले, वाढपाला माणसं कमी आहेत. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं मला. परमुलखात कुणी मराठीत 'जेवलास का' विचारलं की माणूस पाघळतोच.

पंगतीत एक गृहस्थ निघाले माझ्याच जिल्ह्यातले. अकाउंट्समधले. जेवता जेवता विचारलं, गाव कुठलं. सांगितलं. मग वडिलांचं नाव विचारलं. मग म्हणाले, घर देवळाच्या अंगाला की ओढ्याच्या? मी म्हणालो, ओढ्याच्या. त्यांनी पानावर हात आडवा धरला. वरण नको म्हणाले. मी पुढे सरकलो. साहेब त्यांच्याजवळून जाताना त्यांनी साहेबांना खाली वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

साहेब आले. चेहरा हसराच. माझ्या हातातून पळी घेतली, बादली घेतली.

"तू बस आता. वाढायला आपली माणसं आहेत."

मी बसलो. याचीच मला आजही लाज वाटते. तिथून उठून चालतं व्हायचं सोडून मी रांगेच्या टोकाला बसलो, खाली मान घालून गिळलं, आणि निघताना वहिनींना, साहेबांच्या बायकोला, मसालेभात छान झाला होता असंसुद्धा सांगितलं. सांगायची काय गरज होती? कुणी विचारलं होतं?

हे सगळं अबू समीरनं पाहिलं. तो आमच्या यार्डाचा सेफ्टी इन्स्पेक्टर. सीरियाचा, हॉम्स शहरातला. साहेबांनी त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. त्याला खुर्ची दिली होती, आग्रह करकरून वाढत होते. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला आणि आमच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजी-हिंदीत विचारू लागला, तुला मधेच का थांबवलं? मी म्हणालो, दमलो होतो. त्याला पटलं नाही. पंगतीतल्या त्या अकाउंट्सवाल्यानं काय काय विचारलं, हे त्याला एकेक करून हवं होतं. मी चिडून सांगून टाकलं. गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, घर कुठल्या बाजूला ते विचारलं. झालं समाधान?

तो म्हणाला, "आमच्याकडे युद्धात हे नाक्यावर विचारायचे. बंदूक घेऊन. गाव कुठलं, बाप कोण. त्यावरून ठरायचं, कोण घरी जाणार आणि कोण नाही."

त्याचा धाकटा भाऊ पाव आणायला गेला होता. नाक्यावर उतरवला. गावाचं नाव त्या लोकांच्या सोयीचं नव्हतं. तो परत आला नाही. त्या आठवड्यात यांनी घर सोडलं. बायको आणि दोन लेकरं लेबनॉनमध्ये एका खोलीत, आणि हा इथे. त्यांच्या पोटाचं सगळं याच्या एकट्याच्या नोकरीवर.

मला त्याचा रागच आला. अरे बाबा, तुझा भाऊ गेला, माझी पळी गेली. कशाला काय लावतोस?

पण ते डोक्यातून जाईना. मी सहा वर्षांचा असताना माझा चुलता नवरदेव म्हणून घोड्यावर बसून देवळासमोरून गेला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमची आठ घरं पेटवली. पाणी बंद, दुकान बंद. आईनं भांडी पोत्यात भरली आणि आम्ही टेम्पोत बसून तालुक्याला आलो. एका गोदामामागे पत्र्याखाली तीन वर्षं काढली. त्याला कुणी युद्ध म्हणालं नाही. आम्हाला कुणी निर्वासित म्हणालं नाही. 'ती माणसं गाव सोडून गेली' म्हणाले, जणू आम्ही जत्रेलाच गेलो होतो.

पुढे दोन महिन्यांनी क्रेनचं झालं. यार्डात स्टेडियमचं स्टील तयार होत होतं. वर्ल्डकपची तारीख काही हलणार नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या मानेवर सुरी. अबू समीरला एका क्रेनच्या दोराच्या तारा तुटलेल्या दिसल्या. त्यानं लाल टॅग लावला आणि काम बंद केलं. दोन दिवस. साहेबांना वरून झापलं. पुढच्याच आठवड्यात अबू समीर पासपोर्टची मुदत वाढवून घ्यायला दोहाला गेला, आठ दिवसांच्या रजेवर. रजेच्या कागदावर साहेबांचीच सही होती. तो कागद माझ्या फाइलमध्ये होता.

सहाव्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन महिन्यांनी पुन्हा चहा आला.

साहेब शांतपणे समजावत होते. कामावरून काढला तर तो कामगार खात्यात जाईल, क्रेनची भानगड निघेल. त्यापेक्षा तो न सांगता पळून गेला अशी तक्रार द्यायची. पोलीस उचलतील, विमानात बसवतील, खलास. मी फक्त रजेचा कागद काढून टाकायचा आणि टाइमशीटवर गैरहजर लिहून सही करायची.

मी म्हणालो, साहेब, त्याला सीरियाला पाठवतील. तिथं उतरला की फौज नाहीतर तुरुंग.

"ते आपलं काम नाही. तू आपला माणूस आहेस म्हणून तुला सांगतोय."

त्यांनी पेन पुढे केलं. मी घेतलं. हो, घेतलं. माझा व्हिसा त्यांच्या हातात होता. तालुक्याच्या घराचा स्लॅब अर्धाच टाकून झाला होता. आणि तेव्हा मला लख्ख दिसलं की नाक्यावर आज मीच उभा आहे. माझ्यासमोर एक नाव आहे. ते घरी जाणार की नाही, हे मी लिहिणार आहे. आमची घरं पेटवणाऱ्यांनासुद्धा कुणीतरी असंच म्हटलं असेल, तू आपला माणूस आहेस.

पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, तो रजेवर आहे. रजा तुम्ही दिलीय. मी गैरहजर लिहिणार नाही."

साहेब हसायचे थांबले. "तुम्हा लोकांना जवळ करायची सोयच नाही," म्हणाले.

"नका करू," मी म्हणालो.

बाहेर आलो तो थेट फाइलपाशी. कागदाचा फोटो काढून अबू समीरला पाठवला, मूळ कागद शर्टात घातला. दुसऱ्या दिवशी तक्रार पोचायच्या आधी आम्ही दोघं कामगार खात्यात. तिथल्या अधिकाऱ्यानं दुभाष्यामार्फत विचारलं, सही कुणाची? मी साहेबांचं पूर्ण नाव सांगितलं आणि जबाबाखाली माझी सही केली. सही सरळ आली.

अबू समीरला दुसऱ्या कंपनीत जायची परवानगी मिळाली. माझा व्हिसा पंधरा दिवसांत रद्द झाला. कॉलनीतल्या एकानंही फोन केला नाही. स्लॅब अर्धाच राहिला. बाप म्हणाला, चांगली नोकरी घालवलीस. मी म्हणालो, घालवली.

आता चाकणला एका कारखान्यात आहे. इथंही हजेरी माझ्याकडेच. परवा नव्या साहेबांनी एका वेल्डरच्या नावावर बोट ठेवलं. यानं युनियनच्या कागदावर सही केलीय, याला कालपासून गैरहजर दाखव. मी म्हणालो, लेखी द्या. त्यांनी बोट उचललं. दर वेळी उचलतील असं नाही. नाही उचललं तर ही नोकरीपण जाईल, जाऊ दे. कुणाला हाकलायचा कागद माझ्या अक्षरात निघणार नाही.