मामांची खुर्ची

आमच्या फिल्म कॉलेजात मामा कागदोपत्री शिपाई, पण त्यांचं खरं काम खुर्चीत बसून राहायचं. मुलं माझ्याकडे लाइटिंग शिकायची ती त्यांच्याच चेहऱ्यावर. डावीकडून पहाट व्हायची, उजवीकडून संध्याकाळ, आणि मामा डोळे अर्धवट मिटून कुठल्या कुठे पोचलेले असायचे. उजेड मनासारखा झाला की मी "कॅमेरा" म्हणायचो, मामा गुपचूप उठायचे आणि खुर्चीत नट येऊन बसायचा. सव्वीस वर्षं हेच.

निवृत्तीच्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, आज फिल्म मामांवरच. तासभर खपून त्यांनी असा कोवळा उजेड पाडला की मामांच्या सुरकुत्यांनासुद्धा डुलकी लागल्यासारखी वाटली.

"कॅमेरा," मी म्हणालो. मामा उठले आणि सवयीने बाजूला झाले.

पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडलोच, तर ते ओशाळून म्हणाले, "सर, पायच ऐकत नाहीत."

शेवटी कॅमेऱ्यात जे आलं होतं तेच मामींना दाखवलं. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि तिच्यावर तो उजेड.

"हुबेहूब हेच आहेत," मामी म्हणाल्या.