पाचवीचा वर्ग विचाराधीन

महाराष्ट्र नवा होता आणि आमचे साहेब त्याहून नवे. पुण्याहून थेट बुलढाण्याला आले आणि इथल्या गार हवेत त्यांना कल्पना सुचली, की ज्याचा अर्ज कचेरीत पडून आहे त्याला दर महिन्याला आपोआप पोस्टकार्ड गेलं पाहिजे : 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' कुणी आठवण ठेवायची नाही, सही करायची नाही. "यात डोकं वापरायचंच नाही," असं ते अभिमानाने सांगत, आणि सांगताना माझ्याकडे बघत.

मी तिथला कारकून. अर्जदारांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या एका लाकडी पेटीत असत. एक तारखेला चपराशी ते पत्ते छापील कार्डांवर उतरवी आणि गठ्ठा टपालात टाकी. अर्ज मंजूर झाला की आदेशाची प्रत माझ्याकडे येई आणि मी ती चिठ्ठी काढून टाकी.

एके दिवशी वरवट बकालजवळच्या एका खेड्यातला शेतकरी आला. पिशवीतून कार्डांची चळत काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

"बाबूजी, आखीन किती इचार बाकी हाये?"

त्याच्या गावात शाळा चौथीपर्यंत. गावाने याच्या नावाने अर्ज करून पाचवीचा वर्ग मागितला होता. याची मुलगी चौथी पास होऊन घरी बसली होती, आणि परगावी चालत पाठवायला घरचे तयार नव्हते.

त्याला व्हरांड्यात बसवून मी फाईल काढली. अर्ज केव्हाच अमान्य झाला होता! मग कार्डं कशी जात होती? कचेरीच्या रिवाजाप्रमाणे आधी मी चपराशाला झापलं. तो म्हणाला, पेटीत असतं तेच मी लिहितो. ते खरंच होतं. मग साहेबांचा हुकूम मोडून मी डोकं वापरलं. चिठ्ठी निघायची ती फक्त मंजुरी आल्यावर. नकाराची साहेबांनी सोयच ठेवली नव्हती. ज्याला ज्याला आम्ही नाही म्हटलं, तो जिल्हाभर आशेवर बसला होता. मला भयंकर चीड आली.

खरं सांगून टाकावं म्हणून बाहेर आलो, तर तोच बोलायला लागला.

"सोयरे म्हनतात, पोरीले उजवून टाक. मी त्याईले कार्ड दाखवतो. म्हनतो, सरकार इचार करून राह्यलं, मी काऊन घाई करू?"

माझ्या तोंडातून निघालं, "चालू हाये इचार, भाऊ. येळ लागते."

पुढच्या आठवड्यात मी नकारांसाठी दुसरी पेटी केली, चिठ्ठ्या निवडल्या आणि सगळ्यांना सरळ नकार कळवला. साहेबांनी ही सुधारणा स्वतःच्या नावावर वर कळवली. एक चिठ्ठी मात्र मी जुन्या पेटीत परत टाकली.

त्या सुधारणेच्या जोरावर साहेबांची बढती झाली. नवे साहेब तापट होते. आल्या आल्या पेटी उघडून त्यांनी सर्वांत जुनं प्रकरण कोणतं ते विचारलं. मी पाचवीच्या वर्गाचं सांगितलं.

"एका वर्गाचा इतके दिवस विचार? झोपा काढता का?"

मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी फाईल मागितली असती तर माझी नोकरी गेली असती, पण रागावलेला साहेब फाईल वाचत नाही. त्यांनी कोरा कागद ओढला आणि वर्ग मंजूर केला. इतक्या आनंदाने मी शिव्या कधी खाल्ल्या नव्हत्या.

मंजुरीची प्रत माझ्याकडे आली. चिठ्ठी काढायला पेटी उघडली आणि तशीच बंद केली.

शाळा उघडल्यावर तो शेतकरी पुन्हा आला. पोरगी पाचवीत बसली, म्हणाला. मग हळूच पिशवीतून नवं कार्ड काढलं.

"बाबूजी, वर्ग तं सुरू झाला. मंग आता सरकार कायचा इचार करून राह्यलं?"

मी म्हटलं, "सहावीचा."