डोक्यामागचं तोंड

आमच्या गावात भिंतीवर टांगलेलं चित्र म्हणजे मेलेलं माणूस. त्यामुळे सावली तालुक्यातल्या या खेड्यात माझा धंदा तसा अपशकुनीच. मी ओळखीच्या माणसांची चित्रं काढतो: पंक्चरवाला, दूधवाली, देवळासमोर विड्या वळत बसणारा म्हातारा. लहानपणापासून एका पायाने अधू, कुबडीवर चालतो, म्हणून बसून करायचं काम धरलं. आधी वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. महाल, बगिचे आणि राक्षस काढून कंटाळलो, मग माणसांकडे वळलो. नागपुरातल्या प्रदर्शनात लोक या चित्रांसमोर माना डोलावतात. गावात विचारतात, "हा कधी गेला?"

माय तर माझ्यासमोर कधी बसलीच नाही. "मले येवढ्यात हार नोको घालू," म्हणायची.

शेजारची काकू मात्र हौशी. नवं लुगडं नेसून, पान चघळत तिने चित्र काढून घेतलं आणि बसल्या बसल्या अख्ख्या गावाची उणीदुणी काढली. गेल्या वर्षी रानात मोहफुलं वेचताना तिला वाघाने नेलं. तिच्या मुलाने ते चित्र माझ्याकडून मागून नेलं, भिंतीला लावलं, हार घातला. लोक पाया पडत होते आणि चित्रातली काकू पान चघळत हसत होती. मला तिथे थांबवेना.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वाकून वेचावी लागतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. शिवाय वाघ येतो तो मागून. म्हणून बायका डोक्याच्या मागे मुखवटा बांधतात, म्हणजे पाठीलाही डोळे आहेत असं त्याला वाटावं. काकू गेल्यावर वनखात्याने गावात प्लास्टिकचे मुखवटे वाटले होते, सगळे एकसारखे, मिशीवाले. मायचा उन्हाने तडकला.

यंदा मोह गळू लागला तसा मी म्हणालो, "माय, यंदा नोको जाऊ. हात जोडतो."

"काऊन? झाड आपलं हाये."

आमच्याकडे रानातली मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागदावर नाही, शब्दावर. ते झाड तिच्या सासूने तिच्या हवाली केलं होतं. एक हंगाम झाडाखाली कोणी फिरकलं नाही, की दुसरा वेचायला लागतो आणि मग त्याला ऊठ म्हणता येत नाही. मी जातो म्हणालो. तिने माझ्या कुबडीकडे पाहिलं.

मग म्हणाली, "त्यापरीस मले एक तोंड काढून दे. माझंच काढ. त्या मिशीवाल्याले पाहून हसू येते."

इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती बैठक मला अशी मिळाली. पुठ्ठा वाकवून त्यावर जाड कापड चिकटवलं. माय समोर तांदूळ निवडत बसली.

"डोळे वटार. समोर वाघ हाये असं समज."

तिने वटारले, पण घडीभरच. मग पुन्हा तिचं नेहमीचं पाहणं: हा जेवला का, याचा पाय दुखतो का. मी चिडलो. "अशा डोळ्यांनी वाघ काय, मांजर तरी हलन का?"

"समोर तू बसून हायेस, त मी डोळे कशी वटारू?"

मी चित्रातले डोळे पुसले, पुन्हा काढले. भुवया जाड केल्या, बुबुळं काळीभोर केली. तरी मायच. पडद्यांवर चुटकीसरशी राक्षस काढणाऱ्या माझ्या हाताला एक रागीट म्हातारी जमेना. इतकं हुबेहूब चित्र मी आजवर काढलं नव्हतं, आणि ते बिघडावं म्हणून मी रडकुंडीला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी फटफटताना तिने मुखवटा डोक्यामागे धरला. नाडीची गाठ मी मारली.

"घट बांध," ती म्हणाली.

टोपली घेऊन ती बायकांसोबत निघाली. मी दारात उभा. ती रानाकडे चालली होती आणि तिचं तोंड माझ्याकडे पाहत होतं, जेवलास का विचारणारं. पांदणीची वाट वळेपर्यंत ते तसंच पाहत राहिलं. मग मी घरात येऊन बसलो. ब्रश हातात घेतला, ठेवला. दुसरं करणार काय?

उन्हं चढल्यावर माय आली. टोपली उतरवली, मुखवटा सोडला आणि सवयीने भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. मी कुबडीसाठीही थांबलो नाही. भिंत धरत गेलो आणि तो ओढून काढला.

"वाळू दे ना रे, घामानं भिजला."

"भिंतीवर नोको."

ती माझ्याकडे बघत राहिली. खुंटीकडे पाहिलं, शेजारच्या घराकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं.

"बरं," म्हणाली, "तुझ्याजवळच ठेव. सकाळी लागन."