पायडलवरचा पाय

मास्तरांनी छत्तीस वर्षं लोकांची मापं घेतली आणि तेवढीच वर्षं लोकांची टिंगल केली. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाची पाठ वाकलेली, कुणी पोट आत ओढून उभा. मास्तर टेप सरकवत म्हणायचे, "सोडा श्वास. कोट तुम्हाला घालायचाय, फोटोला नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि पुन्हा यायचं, कारण मास्तरांनी बेतलेलं कापड अंगावर चोख बसायचं. शिवायचं काम बायकोही करायची, आणि झकास करायची. बेतणं मात्र फक्त त्यांचं. बेतायला टेबलाशी उभं राहावं लागतं, वाकावं लागतं, एका हाताने कापड दाबून दुसऱ्याने कात्री लांबवर न्यावी लागते. बसून बेतणाऱ्याला ते कारागीरच मानत नसत.

मग एका सकाळी दात घासताना त्यांना लकवा मारला. डावी बाजू लुळी पडली. तीन आठवडे इस्पितळात काढून ते घरी आले, तेव्हा डावा हात जेमतेम उचलला जात होता, पाय ओढत चालावं लागत होतं. जीभ तेवढी शाबूत होती, पण तीही घरी आल्यापासून गप्प होती. शाळा उघडायला अडीच महिने उरले होते. जवळच्या शाळेचे गणवेश दरवर्षी त्यांच्याकडे यायचे. मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप धाडला की दीड महिना थांबते, मग मात्र दुसरीकडे बघावं लागेल. बायको शिवणार, पण बेतणार कोण? मास्तर टेबलाशी उभे राहिले तर दुकान राहणार होतं, नाहीतर कुलूप. हिशेब इतका सरळ होता.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं, त्याच्या कोपऱ्यात जुनी पायमशीन होती. एका दुपारी करमेना म्हणून मास्तर तिच्यापुढे जाऊन बसले आणि उजव्या हाताने उचलून डावा पाय पायडलवर ठेवला. चवडा टेकला, टाच अधांतरी राहिली, आणि पाय चालू झाला! खडखडखडखड. चाक पुरतं फिरत नव्हतं, जागच्या जागी मागेपुढे हलत होतं, पण पायडल वाजत होतं. मास्तरांचा चेहरा असा खुलला की काय सांगावं.

"अगं, बघ! पायाला आठवलं!"

बायको बाहेर आली, पायाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. "हो की," म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवस मास्तरांनी व्यायामाला सरळ बगल दिली. दिवसाआड घरी येणाऱ्या फिजिओताई टाच टेकवून उभं राहायला सांगत, ते मास्तर कसंबसं उरकून मोकळे होत. ताईंची पाठ वळली की मशीन. चाक का फिरत नाही याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: गंज चढलाय, सुटेल. छत्तीस वर्षांची सवय, ती काय एका झटक्याने जाते? शिंप्याशिवाय दुसऱ्या कुणाची अशी गफलत झाली नसती.

शेवटी न राहवून त्यांनीच ताईंना प्रयोग दाखवला. ताई शांतपणे बघत राहिल्या.

"काका, आता थांबवा."

मास्तरांनी जोर लावला. पाय थांबेना.

"बरं, उचला आणि पुन्हा तुम्ही सुरू करा. चवडा दाबायचा नाही."

पाय ढिम्म. मग ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय हातात घेतला, वर्तमानपत्र वाचायला दिलं आणि तळव्याचा पुढचा भाग झटक्यात वर दाबला. मास्तर बातमी वाचत होते आणि पाय ताईंच्या हातात नाचत होता.

"पोटरी ताणली की मणक्यातली नस परस्पर हुकूम सोडते. डोक्याला विचारतच नाही. आधी डोकं तिला आवरून धरायचं, आता तो लगाम सुटलाय. हे बरं होणं नाही, काका. उलट उभं राहताना हाच पाय तुम्हाला पाडेल."

"तुमचं शिक्षण किती वर्षांचं?" मास्तर म्हणाले. "माझा पाय छप्पन्न वर्षांचा आहे."

ताईंना खोटं पाडायचं म्हणून दुसऱ्याच दिवशी ते एकटे टेबलाशी गेले. कापड पसरलं, कात्री घेतली, लांब हात केला. वजन चवड्यावर आलं, टाच उचलली गेली आणि पाय नाचू लागला. मास्तर कापडासकट खाली आले. हाड मोडलं नाही. घमेंड तेवढी मोडली. बायकोने उठवून बसवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ताईंना उद्या लवकर यायला सांग."

मग खरं काम सुरू झालं, आणि ते अतिशय कंटाळवाणं होतं. उतरत्या फळीवर पाय ठेवून पोटरी हळूहळू ताणायची. टाच टेकवायची, वजन आधी टाचेवर द्यायचं. ताई सांगत, माणूस हात पुढे करतो त्याच्या आधीच पाठ आणि पाय घट्ट होतात, न सांगता. तुमचं ते राहून जातंय, तर सध्या सांगून करा. मास्तर मोठ्याने बोलत, "पाठ, टाच, मग हात," आणि टेबलावरचा खडू उचलत. दुकानाच्या आरशात त्यांना रोज एक माणूस दिसे, डावीकडे कललेला, खांदा दीड इंच उतरलेला. त्यांना स्वतःला मात्र आपण सरळच उभे आहोत असं वाटे. असली गिऱ्हाइकं त्यांनी आयुष्यभर हसण्यावारी नेली होती. आता त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. दीडाचा इंच झाला, इंचाचा अर्धा.

मुदतीला चार दिवस उरले असताना गणवेशाचं कापड आलं. मास्तर उभे राहिले. डाव्या हाताखाली लोखंडी पट्टी दाबून धरली आणि पहिली बाही बेतली. अधूनमधून बसत, संध्याकाळपर्यंत अकरा गणवेश झाले. पूर्वी तीस व्हायचे. पण बायकोने बेतलेले तुकडे जुळवून बघितले आणि मान हलवली; एकही सूतभर चुकला नव्हता. शाळेचं काम हातचं गेलं नाही.

बारावं कापड पसरताना त्यांनी सहज विचारलं, "तो पाय आपोआप नाचतो, हे तुला कधी कळलं?"

"इस्पितळातच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्ही झोपला होतात."

"आणि पंधरा दिवस मला मशीनवर बसू दिलंस? अगं, तोंड उघडायचं ना! ते दिवस फुकट गेले माझे."

बायको शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी आल्यापासून मीच भरवत होते, तेही तुम्ही थुंकत होतात. त्या दिवशी पाय हलला आणि तुम्ही स्वतःहून ताट मागितलंत. मी काय करायला हवं होतं?"

रडताना हात चालवला तर कापड वाकडं जातं, म्हणून मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि उभ्या उभ्या, अंग हलेपर्यंत रडले. टेबल हाताशीच होतं, पण ते धरायचं राहूनच गेलं, आणि टाच न सांगता जमिनीवर टेकलेली राहिली.