एक फोन, तीन पोरं

झूराकान एजेला घाबरणं मी अजून सोडलेलं नाही. सहावीत तिने मला भूमिती शिकवली. चुकलो की खडूचा तुकडा नेमका कपाळावर बसायचा. आता मी राजधानीत, बिश्केकमध्ये बसून प्रोग्रॅम लिहितो, तरी तिचा फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहतो. एजे म्हणजे थोरली बहीण. गावात तिच्याहून म्हातारे लोकसुद्धा तिला एजेच म्हणतात.

तर गोष्ट आमच्या शिकवणीच्या ॲपची. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही बदल सुचवावा, बाकीच्यांनी तपासावा, पटला तर ठेवावा. नारिन नदीच्या वरच्या अंगाला सात गावं आहेत. बर्फाने रस्ता बुजला की तिथली शाळा या ॲपवरच भरते. आणि त्याची पहिली स्क्रीन एजेची. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने काढलेली. वर एकच प्रश्न, 'कोण बसलंय?', आणि खाली चित्रं: शिंगरू, कोकरू, ससाणा. पोराने आपलं चित्र दाबायचं, की धडा राहिला होता तिथून सुरू. कारण घरात फोन एक आणि पोरं तीन. मी ती स्क्रीन बनवली तेव्हा तिने पाच वेळा परत पाठवली. "कोकरू केवढुसं काढलंयस! थंडीने बोट सुन्न झालं की दाबून बघ, शहाण्या!"

मग डिझाइन गटाचा प्रमुख झाला बेकतुर. शहरात वाढलेला, हुशार, मनाने वाईट नाही. त्याने नवी स्क्रीन आणली. पांढरीशुभ्र, नीटनेटकी. प्रत्येक पोराचा स्वतःचा मोबाइल नंबर, स्वतःचा पासवर्ड, म्हणजे एका फोनवर एकच पोर. चित्रं गेली. व्हिडिओवर सभा भरली, त्याने एजेसकट सात गावांच्या सात शिक्षकांना विचारलं, "कुणाची हरकत?" सगळे गप्प. कुणी चहाच्या वाटीत बघत बसलं, कुणी खिडकीबाहेर. गटाचा नियम असा की हरकत नाही म्हणजे मंजूर. बेकतुरने लिहून टाकलं, 'एकमताने.' मीही सभेत होतो. मीही गप्प होतो.

अहो, आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत! नको असलं की माणूस गप्प बसतो, समोरच्याने काय ते ओळखायचं. मेंढरं राखणाऱ्या पोरालाही हे कळतं. बेकतुरही मूळचा इथलाच, पण नियम पाळता पाळता त्याला आपली माणसं दिसेनाशी झाली.

एजेच्या वर्गात पोरं एकोणीस आणि फोन आठ. एक तारखेला नवी स्क्रीन लागली की अकरा पोरं बाहेर. तिचा फोन आला.

"तूही गप्प बसलास?"

"एजे, तुम्हीपण तर..."

"मी गप्प बसले म्हणजे मी नाही म्हटलं! तू घाबरून गप्प बसलास. कळतो का फरक, गाढवा?"

कळला. लाज वाटली, अजून वाटते.

पुढच्या सभेत ती न बोलावता आली. बेकतुर म्हणाला, "एजे, नियम तुम्हाला ठाऊक होता."

"नियम? तुझ्या आजोबाने माझ्या आत्याला मागणी घातली, तेव्हा आमचं घर तीन दिवस गप्प होतं. झालं का लग्न? आल्या वाटेने गेला बिचारा!"

सगळे खो खो हसले. बेकतुर कानापर्यंत लाल झाला आणि हट्टाला पेटला. "मंजूर झालेलं मागे घ्यायचं तर सातही जणांनी लेखी नकार द्या. नावानिशी, सगळ्यांना दिसेल असा. शुक्रवारी पाचच्या आत."

"देऊ की," एजे म्हणाली.

पहिला तिनेच दिला. मग एकेकाला फोन लावून झाडलं, "पोरांना रोज सांगता, उत्तर लिहा, पान कोरं ठेवू नका. मग तुमचं का कोरं?" गुरुवारपर्यंत सहा नकार झाले.

उरला शेरमत. अगदी वरच्या गावचा, अडुसष्ट वर्षांचा, आणि बेकतुरचा सख्खा मामा. आमच्यात मामा भाच्याला नाही म्हणत नाही. भाच्याने घोड्याकडे बोट दाखवलं, की घोडा सोडून हातात द्यायचा. बेकतुरने सातांची अट मुद्दाम घातली, असं मी तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

"एजे, शेरमतला फोन करा," मी म्हणालो.

"नाही करणार. त्याच्या वर्गात नऊ पोरं, तीन फोन. त्याला मोजता येतं."

शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना प्रस्तावाच्या पानावर अक्षरं उमटली.

'बेकतुर, तू माझ्या बहिणीचा मुलगा. घोडा माग, मेंढ्या माग, राहतं घर माग, देतो. ही पोरं माझी नाहीत, त्यांच्या आयांची आहेत. ती मला देता येत नाहीत. नाही. शेरमत.'

बेकतुरने पाच वाजता प्रस्ताव मागे घेतला. मी उड्या मारतच एजेला फोन लावला. "एजे, जिंकलो!"

"जिंकलो काय, मेल्या?" ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याने आज बहिणीच्या पोराला नाही म्हटलंय."