दौंडच्या आशांना कोणी शिकवलं?

"मॅडम, फरकच नाही. मग त्या प्रशिक्षणाचा उपयोग काय झाला?" फोनवर आमचे साहेब. मी खुटबावच्या अंगणवाडीबाहेर उभी, हातात चहा.

आमचं काम मूल्यमापनाचं. म्हणजे कोणी काही शिकवलं, की त्याने खरंच काही बदललं का ते तपासायचं. शिरूर तालुक्यातल्या आशाताईंना मार्था सिस्टरनी तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला शिकवलं होतं. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले, की बाळाला लगेच दवाखान्यात न्यायचं. दौंडची पाळी नंतर होती, तोवर तो आमचा कंट्रोल, तुलनेपुरता. शिरूर सुधारलं आणि दौंड होतं तिथेच राहिलं, तर प्रशिक्षण पास.

आधीच्या तपासणीत दोन्हीकडे बोंब होती. आता दोन्हीकडे झकास! म्हणजे आमच्या नियमाने प्रशिक्षण नापास, दौंडची बॅच रद्द आणि सिस्टरनी हौसेने उभं केलेलं काम बंद. मला फार वाईट वाटलं.

आत गेले. खुटबावच्या आशा सुनीताताई एका बाळाला तपासत होत्या. आधी त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. मग झबलं वर केलं, मोबाइलवर वेळ लावली आणि पूर्ण मिनिट मोजलं. मी असते तर अर्धं मोजून दुप्पट केलं असतं.

पण माझं लक्ष बांगड्यांवर. ही तर मार्था सिस्टरची सवय! किणकिण झाली की बाळ दचकतं आणि मोजणी चुकते, म्हणून. आमच्या कुठल्याच पुस्तिकेत हे नाही.

"ताई, बांगड्या वर का सारल्या?"

"आमच्या वहिनीनं सांगितलंय. ती शिरूरकडं आशा हाय. पुतणीच्या हळदीला आली तवा शाल गुंडाळून बाळ केलं, आन् मांडवातच शिकवलं."

"आणि बाकीच्या आशांना?"

"त्यास्नी मी शिकवलं." त्यांचा चेहरा उतरला. "का वो मॅडम, चुकलं व्हय?"

मी त्यांना मिठीच मारली. मूल्यमापन करणाऱ्याने तटस्थ राहायचं असतं. नाही राहवलं.

पुढचे दोन दिवस मी दौंडच्या प्रत्येक आशाताईला एकच विचारत फिरले, कोणाकडून शिकलात? कोणी बहिणीकडून, कोणी नणंदेकडून, कोणी थेट सुनीताताईंकडून. सगळा माग भीमा ओलांडून शिरूरलाच जात होता.

"सर, दौंड आपोआप नाही सुधारलं. सिस्टरचं प्रशिक्षणच इकडे पोचलंय."

"म्हणजे आपला कंट्रोल बिघडला."

"पार बिघडला, सर."

साहेब एवढे हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "जसं घडलं तसं लिहा," म्हणाले.

दौंडची बॅच मंजूर झाली. शिकवायला मार्था सिस्टर, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सुनीताताई.

तुलनेची गावं निवडताना आम्ही अंतर पाहिलं होतं, लोकसंख्या पाहिली होती. गावातल्या लेकी कुठं दिल्यात, हे मात्र विचारलं नव्हतं. आता आमच्या फॉर्मवर तो पहिला प्रश्न आहे.